वाचक विचारतात : युद्धातून पळालेल्यांच्या छावणीत काय लागतं, काय नको

(गेल्या अंकात सूदानमधून पळून चाडच्या हद्दीतल्या आद्रे गावाशी येऊन थांबलेल्या लोकांवर लेख होता. १५ एप्रिल २०२३ ला सूदानचं सैन्य आणि 'आरएसएफ' हे निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली, तेव्हापासून ही रीघ सुरू आहे. त्या लेखावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पाणी, आरोग्य आणि शिधावाटप या कामातल्या जाणकारांनी उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : दहा हजार माणसं एखाद्या माळावर येऊन बसली, तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय आणि किती लागतं? बातमीत नुसतं 'मदत रवाना' एवढंच असतं. (सातारा)

उत्तर : आधी पाणी. माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान प्रमाण जगभर धरलं जातं. अगदीच अडचण असेल तर काही दिवस साडेसात लिटरवर भागवतात. त्याखाली गेलं की लोक डबक्यातलं, ओढ्यातलं, मिळेल ते पाणी पितात. दहा हजारांना म्हणजे रोज दीड लाख लिटर, दहा हजार लिटरचे पंधरा टँकर.

पण टँकर आला म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही. हिशेब चुकतो तो तोट्यांचा. एका तोटीमागे २५० माणसं धरतात. तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर पाणी पडत असेल, तर २५० जणांचे ३,७५० लिटर भरायला ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं लागतात. तेही तोटी एक क्षण रिकामी राहिली नाही तर. दुपारी टाकी दोन तास कोरडी पडली की त्या दिवशीची रांग रात्रीपर्यंत सरत नाही आणि मग दांडगट पुढे घुसतात. म्हणून दहा हजारांना निदान ४० तोट्या, त्याही कुठल्याही झोपडीपासून ५०० मीटरच्या आत, आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये असं बघायचं. शिवाय घरटी १० ते २० लिटरचे दोन कॅन: एक आणायला, एक साठवायला. पळून आलेल्या कुटुंबाकडे भांडं नसतं हे विसरलं जातं, आणि तोटीखाली लोक पातेलं नाहीतर चपटी बाटली धरून उभे असतात.

दुसरं, संडास. पहिल्या दिवसांत ५० जणांमागे एक, म्हणजे २००. नंतर २० जणांमागे एक, म्हणजे ५००. ते खणून होईपर्यंतही लोकांना जावं लागतंच, तेव्हा पहिल्याच दिवशी वस्तीच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून लांब, कनाती लावून चर खणतात आणि रोज माती लोटत पुढे सरकतात.

तिसरं, गोवराची लस. ती थांबवून ठेवायची नसते. सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आधी टोचली होती का याची चौकशी करत न बसता द्यायची. सोबत पाच वर्षांखालच्यांना अ जीवनसत्त्व. नऊ महिन्यांच्या आत लस मिळालेल्या बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा एक डोस लागतो. हे पुन्हा बोलावणं बरेचदा राहून जातं.

अन्न चौथं का, असं वाटेल. फोटो उपासमारीचे येतात, पण छावणीच्या पहिल्या आठवड्यांत माणसं बहुतेक करून मरतात ती जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि मलेरियाने; पोट खपाटीला गेलेलं असतं म्हणून हे आजार झेपत नाहीत. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून लाखो लोक काही दिवसांत तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराशी आले. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. खड्डा खणायला कुदळ चालेना. पाणी किवू सरोवरातून, थेट. पटकी (कॉलरा) पसरली, मागोमाग रक्ती हगवण आली, आणि पहिल्या महिन्यात ५० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या नामुष्कीनंतर, १९९७ पासून, मदतसंस्थांनी 'स्फिअर' नावाचे किमान निकष बांधले. या उत्तरांतली बरीचशी प्रमाणं तिथलीच आहेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही ट्रकमधून येत नाही: मृत्यूंची मोजणी. दहा हजार वस्तीत रोज एक मृत्यू, किंवा पाच वर्षांखालच्या दहा हजार मुलांमागे रोज दोन, इथे धोक्याची रेघ मानतात. नोंद कोण करणार? दवाखान्यात फार थोडे मृत्यू होतात. शिधा बंद होईल या भीतीने घरातला मृत्यू लपवतात. म्हणून दफनभूमीवर पगारी माणूस बसवून नव्या कबरी मोजतात, मोठ्या वेगळ्या आणि लहान वेगळ्या.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी आहे. आम्ही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि ओटी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची रंगचाचणी) करतो. छावणीतल्या टँकरचं पाणी शुद्ध करायची रीत हीच का? (परभणी जिल्हा)

उत्तर : तत्त्व तेच, पण अंदाजपंचे मूठभर पावडर टाकून तिथे चालत नाही, कारण आज नदीचं पाणी येतं, उद्या विहिरीचं, आणि प्रत्येक पाणी वेगळं क्लोरीन खातं.

रीत अशी. आधी एक टक्क्याचं द्रावण बनवायचं. ६५ ते ७० टक्के क्लोरीनची दाणेदार पावडर असेल तर लिटरला १५ ग्रॅम. तुमची ३३ टक्क्यांची टीसीएल असेल तर लिटरला ३० ग्रॅम. टीसीएलमधला चुना तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळच वापरायची, नाहीतर तोट्या आणि मात्रायंत्राच्या नळ्या चुन्याने तुंबतात. मग त्याच दिवशीच्या पाण्याच्या २० लिटरच्या चार बादल्या घ्या. बिनसुईच्या सिरिंजने पहिलीत २ मिलि, दुसरीत ४, तिसरीत ६, चौथीत ८ मिलि द्रावण टाका, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास कोणी पाळत नाही. घाईत पाच मिनिटांनी तपासलं तर आकडा भरपूर दिसतो आणि लोकांच्या घरी पोहोचेपर्यंत शून्य होतो. अर्ध्या तासाने ज्या बादलीत लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलं, ती मात्रा खरी. समजा ती ४ मिलिची बादली निघाली. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे अशा ५०० बादल्या. ४ गुणिले ५००, म्हणजे दोन लिटर द्रावण त्या टँकरला.

हे द्रावण टँकर भरायला सुरुवात होतानाच ओतायचं. रस्त्याच्या गचक्यांनी ढवळलं जातं आणि अर्धा तासही वाटेतच भरतो.

ओटीबद्दल: तिचा पिवळा रंग मुक्त आणि बांधलेलं अशी दोन्ही क्लोरीन दाखवतो, त्यामुळे आकडा फुगतो, शिवाय ते रसायन हाताळायला चांगलं नाही. मदतकार्यात डीपीडी गोळी वापरतात, तिने पाणी गुलाबी होतं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच संपतं. गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आणावा लागतो. त्यासाठी आधी तुरटी, मग गाळ बसू देणं, आणि निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घेतल्यावर क्लोरीन. तुरटी आणि क्लोरीन एकदमच टाकलं की दोन्ही वाया.

तोटीवर बरोबर असलेलं पाणी झोपडीत बिघडतं, हा सगळ्यांत मोठा घोटाळा आहे. उन्हाळ्यात तोटीवर ०.५ असलेलं क्लोरीन कॅनमध्ये दहा-बारा तासांत संपून जातं, त्यातच कोणीतरी हात बुडवून पेला भरतं. म्हणून कॅन बारीक तोंडाचे देतात आणि तपासणी तोटीवर न थांबता घरातल्या कॅनपर्यंत नेतात. कॉलऱ्याची साथ असेल तर तोटीवरचं प्रमाण ०.५ च्या वर ठेवतात. मग वासाची तक्रार येते. लोक वासाला कंटाळून ओढ्यावर गेले तर सगळंच फुकट, त्यामुळे मात्रा वाढवण्याआधी वस्तीत सांगावं लागतं.

आणि पावडरचं पोतं उघडं, दमट जागी राहिलं की पंधरवड्यात जोर उतरतो. पोत्यावर ३३ टक्के छापलेलं असतं, आत किती उरलंय ते बादल्याच सांगतात.

प्रश्न : आमचं गणेश मंडळ जुने पण चांगले कपडे, चादरी आणि घरात शिल्लक राहिलेली औषधं जमवून पाठवू इच्छितं. कुठे पाठवावीत? (डोंबिवली)

उत्तर : पाठवू नका. भावना समजते, पण गाठोडं उघडून पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे वेगळे करायला माणसं लागतात, ठेवायला गोदाम लागतं, परदेशात जायचं तर कस्टममध्ये अडकतं आणि तिथलं भाडं मदतसंस्थेच्या डोक्यावर बसतं. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून भिजत होते. कोळी कुटुंबांनी ते घेतले नाहीत, आणि का घ्यावेत? ब्लँकेट लागतंच, पण ते जवळच्या बाजारात ठोक भावात एकसारखं मिळतं. एकसारखं असण्याला महत्त्व आहे: शेजारणीला जाड आणि मला विरलेलं मिळालं की वाटपाच्या रांगेत मारामारी होते.

औषधांचं तर नावच काढू नका. बोस्नियाच्या युद्धात १९९२ पासून १९९६ पर्यंत देणगी म्हणून आलेल्या औषधांपैकी अंदाजे १७ हजार टन निरुपयोगी निघाली: मुदत संपलेली, अर्धवट पाकिटं, तिथे कोणाला वाचता न येणाऱ्या भाषेतली. ती सुरक्षितपणे जाळायचा खर्च पुन्हा त्याच देशावर. दानातली औषधं पोहोचतील तेव्हा त्यांची निदान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. घरातल्या डब्यातल्या क्रोसिनच्या चार गोळ्या यात बसत नाहीत.

प्रश्न : निदान तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे? आया घाबरलेल्या असतात, त्यांना दूध येत नाही असं वाचलं. (नाशिक)

उत्तर : हे सगळ्यांत घातक दान आहे. भीतीने दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, पण दूध तयार होणं थांबत नाही. बाळ वारंवार छातीला लावलं की येतं. आईला शांत, आडोशाची जागा, पाणी आणि जेवण दिलं तर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. डबा हातात आला की बाळ स्तनावर कमी वेळ असतं, मग दूध खरंच कमी होतं, आणि महिन्याभराने डबे संपतात. मधल्या काळात पावडर कालवायला पाणी कुठलं? बाटली उकळायला सरपण कुठलं? जुलाबाने बाळ दोन दिवसांत हातचं जातं.

आई नसलेलं बाळ असेल तर आधी दुसरी दूध पाजणारी बाई शोधतात. तेही जमलं नाही तरच, नोंद करून, आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली, त्या एका बाळापुरती पावडर देतात आणि बाटलीने न पाजता वाटीने पाजतात, कारण वाटी धुता येते. भारतात तर १९९२ च्या कायद्याने बालदुधाचे डबे फुकट वाटायला अनाथाश्रमासारखे अपवाद सोडता बंदीच आहे. आपल्याकडच्या पुराच्या वा दंगलीच्या छावण्यांनाही तो लागू आहे, हे बऱ्याच दानशूर मंडळींना ठाऊक नसतं.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. हजारो मुलांत कुपोषित मूल कसं हुडकतात? वजनकाटे नेतात का? (गडचिरोली)

उत्तर : दंडघेराची पट्टी, तुमच्याकडे असते तीच. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर. ११.५ सेंमीखाली तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पायांवर अंगठा दाबून तीन सेकंदांनी खळगा राहतो का तेही पाहतात, कारण सूज असलेल्या मुलाचा दंड भरलेला दिसू शकतो. मूल खेळकर असून भूक असेल तर दवाखान्यात न ठेवता आरयूटीएफची पाकिटं घरी देतात: शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षारांची ९२ ग्रॅमची पुडी, ५०० किलोकॅलरींची. पाणी मिसळावं लागत नाही, म्हणूनच ती छावणीत चालते. गडबड होते ती घरी: एका मुलाच्या पुड्या चार भावंडांत वाटल्या जातात. त्याला आईला रागावून उपयोग नाही. घरात शिधा पुरेसा नाही याची ती खूण असते.

प्रश्न : शिधा किती देतात, आणि तो खऱ्या गरजूला मिळतो याची खात्री कशी करतात? आपल्याकडे रेशनवरच एवढा घोळ होतो. (अहिल्यानगर)

उत्तर : माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हे गणित. धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६०, तेल ३०, मका-सोयाचं पौष्टिक पीठ ५०, साखर १५, मीठ ५ ग्रॅम. पाच माणसांच्या घराला महिन्याचं धान्यच ६० किलो, एकूण ८४ किलो. ते वाटपकेंद्रापासून झोपडीपर्यंत कोण नेणार? एकटी बाई, म्हातारी, गरोदर बाई हमाल करते, आणि हमाली धान्यात मोजते. म्हणून शक्य तिथे पंधरवड्याने वाटप करतात आणि केंद्रं वस्तीच्या जवळ पसरवतात. ज्वारी अख्खी दिली तर दळणाचे पैसेही शिध्यातूनच जातात. सूदान-चाडच्या छावण्यांत हा जुना प्रश्न आहे. दळणाचा खर्च वेगळा दिला नाही तर कागदावरचे ४०० ग्रॅम ताटात ४०० राहत नाहीत. डाळीचंही तसंच. शिजायला दीड तास लागणारी डाळ दिली आणि सरपण दिलं नाही, तर बायका लाकडासाठी वस्तीबाहेर लांब जातात आणि तिथे त्यांच्यावर हल्ले होतात. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले, तेव्हा आजूबाजूच्या टेकड्या लाकडासाठी बोडक्या झाल्या. पुढच्या वर्षापासून गॅस सिलिंडर वाटायला घेतल्यावर ती तोड थोपली.

आता घोळ. मोठा घोळ मापात होत नाही, तो यादीत होतो. गोमाच्या छावण्यांत सुरुवातीला जुन्या गावपुढाऱ्यांच्या हातून वाटप झालं, आणि त्या पुढाऱ्यांत रवांडातला वंशसंहार घडवणारेच होते. त्यांनी आकडे फुगवले, वरचा शिधा विकला, विरोधकांची नावं कापली. त्यानंतरचा धडा असा की मधला पुढारी काढायचा आणि थेट कुटुंबाच्या नावाने कार्ड द्यायचं, जमेल तिथे बाईच्या नावाने. नोंदणी सगळीकडे एकाच दिवशी, पहाटे करतात, म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी उभा राहत नाही. वाटपाच्या जागी कोणाला काय आणि किती मिळणार याचा फलक, चित्रांसह, लावतात. आणि बाहेरच्या वाटेवर एक तराजू ठेवतात. दहा-वीस कुटुंबांचा शिधा पुन्हा तोलून बघितला की मापाड्याचा हात आपोआप सरळ होतो.

बाजार चालू असेल तर धान्याऐवजी पैसे किंवा दुकानात चालणारं कार्ड देणं बहुधा बरं. कॉक्स बाजारात असं कार्ड आहे. पण त्यातली रक्कम देणगीवर हलते: २०२३ च्या मार्चमध्ये माणशी महिना १२ डॉलरचे १० झाले, जूनमध्ये ८, आणि नंतर देणग्या आल्या तसे वाढवले. आठ डॉलर म्हणजे दिवसाला २७ सेंट. पैसे देताना दर आठवड्याला बाजारभाव टिपावे लागतात. व्यापाऱ्यांना वाटपाची तारीख कळली की त्याच दिवशी तेल महागतं.

प्रश्न : दरवर्षी पावसाळ्यात आमच्या गोठ्यावरची ताडपत्री फाटते. छावणीत तीच ताडपत्री वर्षभर कशी टिकते? (चिपळूण)

उत्तर : ताडपत्री थोडी वेगळी असते, पण खरा फरक बांधण्यात आहे. मदतकार्यातली पत्री ४ बाय ६ मीटरची, विणलेल्या प्लॅस्टिकवर दोन्ही बाजूंनी मुलामा दिलेली, आणि तिच्यात आडवे जाड पट्टे विणलेले असतात. खिळा, दोरी जे काही लावायचं ते त्या पट्ट्यावर. नुसत्या कडीला दोरी बांधून ताणली की वारा ती कडी उपटून नेतो आणि चीर मध्यापर्यंत धावते. पत्रीवर पट्टी ठेवून, तिच्यातून बांबूत खिळा ठोकतात, म्हणजे ताण एका भोकावर न येता सगळ्या कडेवर पसरतो. खिळा नसेल तर गुळगुळीत गोटा पत्रीत गुंडाळून त्याच्या मानेला दोरीची फास मारतात. भोक पडतच नाही. ही युक्ती गोठ्यालाही चालेल.

पत्री ढिली ठेवली की वाऱ्याने फडफडून महिन्याभरात विरते, आणि सपाट छतावर पाणी साचून फुगा धरतो, म्हणून उतार ३० अंशांच्या आसपास हवा. बांबूचा जमिनीतला भाग कुजतो. कॉक्स बाजारला बिनप्रक्रियेचे बांबू वर्षा-दोन वर्षांत भुंग्याने पोखरले. दोन झोपड्यांत निदान दोन मीटर अंतर आणि दर ३०० मीटर वस्तीनंतर ३० मीटरचा मोकळा पट्टा आगीसाठी सोडायचा असतो. कॉक्स बाजारला जागाच नव्हती. २२ मार्च २०२१ च्या आगीत ४५ हजारांच्या आसपास माणसं एका दिवसात पुन्हा बेघर झाली, आणि भोवतीच्या काटेरी तारेमुळे पळताही येईना.

प्रश्न : संडास बांधूनही बायका वापरत नाहीत असं का होतं? (सोलापूर)

उत्तर : कारण बांधणाऱ्याने त्यांना विचारलेलं नसतं. आतून कडी नाही, दार तरटाचं, रात्री दिवा नाही, आणि बायकांचे-पुरुषांचे संडास पाठीला पाठ. अशा ठिकाणी अंधारात कोण जाईल? बाई मग दिवसभर पाणी कमी पिते, संध्याकाळी जेवत नाही. निकष सांगतो की बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट हवेत आणि झोपडीपासून ५० मीटरच्या आत. पाळीसाठी वर्षाला चार चौरस मीटर सुती कापड किंवा महिन्याला १५ पॅड, आणि जास्तीचा साबण. कापड गडद रंगाचं द्या. पांढरं कापड दोरीवर वाळत घालायला बायका लाजतात आणि ओलंच वापरतात.

खड्ड्याचा तळ भूजलापासून निदान दीड मीटर वर आणि विहीर-हापशापासून ३० मीटर लांब हवा. कॉक्स बाजारला पहिल्या महिन्यांत घाईने उथळ हापसे आणि उथळ संडास शेजारीशेजारी खणले गेले, आणि दोन्हींवर पुन्हा खर्च झाला. खड्डा भरल्यावर मैला कोण, कशाने, कुठे नेणार हे खणायच्या दिवशीच ठरवायला हवं. उतारावर, जिथे टँकर चढत नाही तिथे, नंतर काहीच सुचत नाही.

प्रश्न : ओआरएसचा शोध निर्वासित छावणीत लागला असं ऐकलं. खरं का? (पुणे)

उत्तर : शोध प्रयोगशाळांत आधी लागला होता, सिद्ध झाला तो छावणीत. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून कोटीभर माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलरा भडकला आणि सलाईन संपायला आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून पिंपांतून तोटीने द्यायला लावलं. पेल्याने पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्युप्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. ज्यांच्याकडे त्या काळची पत्रं आहेत त्यांनी लिफाफे बघावेत: नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं होतं. म्हणजे त्या पिंपांत आपल्या आजी-आजोबांचेही पैसे आहेत.

आजची पुडी वेगळी आहे: २००२ पासून मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. घरी पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर घातक, म्हणून शंका आली तर कमीच टाका.

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती. ती आजच्या छावण्यांपेक्षा चांगली होती का? (कोल्हापूर)

उत्तर : बऱ्याच बाबतींत हो. १९४३ ते १९४८ दरम्यान तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका-मुलं, राहिले. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ही कुटुंबं इराणमार्गे आली होती. मोठा फरक असा की ही माणसं वर्षानुवर्षं राहणार हे धरूनच वस्ती आखली: शाळा, चर्च, दवाखाना सुरुवातीच्या आराखड्यात. आज सरकारं उलट वागतात. छावणी पक्की दिसली तर लोक परत जाणार नाहीत या धास्तीने विटा-सिमेंटला परवानगीच देत नाहीत. माणशी ४५ चौरस मीटर जागा धरली तर दहा हजारांना ४५ हेक्टर, म्हणजे १११ एकर लागतात. कोणतंही सरकार एवढी जमीन राजीखुशीने देत नाही.

प्रश्न : सूदानला पैसे पाठवायचे तर कसे? आमच्या ट्रस्टकडे थोडी शिल्लक आहे. (ठाणे)

उत्तर : ट्रस्टने थेट परदेशी खर्च करू नये. भारताबाहेर वापरलेल्या रकमेवर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय करसवलत मिळत नाही आणि हिशेबतपासणीत अडकाल. वैयक्तिक देणगी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली बँकेतून पाठवता येते, पण तिच्यावर ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) नाही. ८०जी हवी तर भारतात नोंदणी असलेल्या आणि तिथे काम करणाऱ्या संस्थेला द्या. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी, वस्तुरूप देणगी आणि नवी करप्रणाली, या तिन्हींत ती सवलत मिळत नाही.

देण्याआधी तीन गोष्टी विचारा: रक्कम 'सूदान'साठी राखीव आहे की जिथे लागेल तिथे वापरणार (दुसरं उत्तर बहुधा जास्त कामाचं, कारण गाजलेल्या संकटाला पैसा धो धो येतो आणि शेजारच्या छावणीत शिधा कापला जातो), तिथे त्यांची स्वतःची माणसं आहेत की दुसऱ्याला पुढे देणार, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद कुठे पाहता येईल. कोणाच्या खासगी यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही नको.

सूदानमध्ये मोठ्या संस्था पोहोचत नाहीत तिथे गल्लीतल्या पोरापोरींनी चालवलेल्या 'आपत्कालीन प्रतिसाद कक्षां'ची सामुदायिक स्वयंपाकघरं लोकांना जगवत आहेत. त्यांना ट्रक नको असतो, रोकड हवी असते. ती खार्तूमच्या एका बँकेच्या 'बँकक' नावाच्या मोबाईल ॲपवरून फिरते, आणि वेढ्यात अडकलेल्या शहरात ॲपवरचे पैसे नोटांत बदलून घेताना दलाल जबर कमिशन कापतो. त्यामुळे अशा स्वयंपाकघरांना पैसे पुरवणाऱ्या संस्थेकडे आणखी एक चौकशी करा: शंभर रुपयांतले पातेल्यापर्यंत किती जातात, आणि मधलं कमिशन त्यांच्या हिशेबात वेगळं दाखवलेलं आहे का.